पीसीओएसच्या प्रबंधासाठी टेस्टोस्टेरॉन: एलायझा, केमिल्युमिनेसन्स की मास स्पेक?

निवासी_जीवरसायन

नमस्कार मंडळी. एमडी जीवरसायनशास्त्राच्या प्रबंधाचा आराखडा नीट करायचा आहे. १८ ते ३५ वयोगटातल्या ८० पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) रुग्ण आणि ८० कंट्रोल (हा आजार नसलेल्या). मोजायचं काय, तर एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन), डीएचईएएस (अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून येणारं स्टेरॉइड) आणि उपाशीपोटी ग्लुकोज-इन्सुलिन. दुसरे आजार वगळण्यासाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएचपी (१७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन).

विभागात एलायझा (अँटिबॉडी लावलेल्या प्लेटवर रंगावरून मोजणारी पद्धत) रीडर-वॉशर आहे, सेंट्रल लॅबमध्ये केमिल्युमिनेसन्सचं (प्रकाशावरून मोजणारं) मशीन आहे. थोडी सॅम्पल दोन्हीकडे लावून पाहिली तर टेस्टोस्टेरॉनचं जुळतच नाही. एकाच सीरमला एलायझा ६२ दाखवतं आणि मशीन ३८ (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर). सगळीकडे सारखाच फरक असता तर गुणक लावून भागलं असतं, पण काही सॅम्पलमध्ये दोन्ही आकडे जवळपास एकच येतात.

प्रश्न तीन. विश्वास कशावर ठेवायचा? पाळीच अनियमित असेल तर सॅम्पल कोणत्या दिवशी घ्यायचं? आणि ८-१० महिने सीरम साठवायचं तर विभागातला उणे २० चा फ्रीझर चालेल का? गाइड म्हणतात, "दोन्ही गट एकाच किटवर लाव, चूक असली तरी दोन्हीकडे सारखीच असेल." हे पटतंय, पण पूर्ण नाही.

अंतःस्रावी

तुमच्या गाइडचं वाक्य बऱ्याच प्रबंधांत असतं आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खातं. पीसीओएसमध्ये चूक दोन्ही गटांत सारखी पडत नाही. का, ते आकड्यांतच बघा.

टेस्टोस्टेरॉनचा रेणू २८८ डाल्टनचा. इतक्या लहान रेणूला दोन अँटिबॉडी दोन बाजूंनी धरू शकत नाहीत, म्हणून सँडविच पद्धत बाद. स्पर्धेची पद्धत वापरावी लागते, म्हणजे सॅम्पलमधलं आणि किटमधलं खूण केलेलं टेस्टोस्टेरॉन एकाच अँटिबॉडीसाठी झगडतात. मग सगळी मदार त्या एका अँटिबॉडीवर. तिला फक्त टेस्टोस्टेरॉनच ओळखता आलं पाहिजे, आणि रक्तात तर त्याच्यासारखे दिसणारे स्टेरॉइड ढिगाने. डीएचईएएस घ्या. तरुण स्त्रीत ते २०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास असू शकतं, म्हणजे २,००,००० नॅनोग्रॅम. टेस्टोस्टेरॉन ४० नॅनोग्रॅम. पाच हजार पट फरक! किटच्या माहितीपत्रकात 'डीएचईएएस क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी ०.०१ टक्के' (म्हणजे चुकून टेस्टोस्टेरॉन म्हणून मोजलं जाणारं प्रमाण) असं लिहिलेलं असतं आणि वाचणारा म्हणतो, नगण्य. पण २,००,००० चे ०.०१ टक्के म्हणजे २० नॅनोग्रॅम. खरं ४०, दिसणार ६०. तुमच्या ६२ आणि ३८ मागे हेच आहे असं माझं म्हणणं नाही, पण पहिला संशय तिथेच घ्यावा. तुमच्याकडे डीएचईएएस मोजलेलं आहेच. एलायझा-मशीनमधला फरक उभ्या अक्षावर आणि डीएचईएएस आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढा. चढ दिसला तर चोर सापडला.

आता गटांचं. पीसीओएसच्या बऱ्याच रुग्णांत डीएचईएएस वाढलेलं असतं आणि एसएचबीजी कमी. किटमध्ये टेस्टोस्टेरॉनला एसएचबीजीपासून सोडवणारं एक रसायन असतं, आणि ते किती सोडवतं हे एसएचबीजी किती आहे त्यावर ठरतं. म्हणजे चुकीची दोन्ही कारणं तुमच्या दोन गटांत वेगवेगळ्या प्रमाणात आहेत. फरक आला तर तो आजाराचा की किटचा, हे व्हायव्हात कुणी विचारलं तर उत्तर नसेल.

हे नवं नाही. २००३ साली ११६ पुरुष, स्त्रिया आणि मुलांच्या सीरमवर १० इम्युनोअ‍ॅसे (अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचण्या) विरुद्ध गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणारी पद्धत) अशी तुलना छापून आली होती. पुरुषांत बरं चाललं, स्त्रिया आणि मुलांत दाणादाण. त्याच अंकातल्या संपादकीयाने सरळ विचारलं होतं की स्त्रियांसाठी ही किटं नुसत्या अंदाजापेक्षा बरी आहेत का. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस मार्गदर्शिकेतही एकूण टेस्टोस्टेरॉनसाठी एलसी-एमएस/एमएसच (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक) सुचवलंय.

माझा सल्ला: फक्त टेस्टोस्टेरॉन बाहेर एलसी-एमएस/एमएसला पाठवा, सगळी १६० सॅम्पल. एसएचबीजी, डीएचईएएस, इन्सुलिन, टीएसएच, प्रोलॅक्टिन सेंट्रल लॅबच्या मशीनवर ठेवा. एसएचबीजी मोठं प्रथिन आहे, सँडविच पद्धतीने छान मोजलं जातं. 'फ्री टेस्टोस्टेरॉन'चं थेट किट मात्र चुकूनही घेऊ नका, ते काय मोजतं ते देवाला ठाऊक. फ्री अँड्रोजेन इंडेक्स काढा: टेस्टोस्टेरॉन भागिले एसएचबीजी गुणिले १००, दोन्ही नॅनोमोलमध्ये. नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरला ०.०३४७ ने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर. ४५ म्हणजे १.५६. एसएचबीजी ६० असेल तर इंडेक्स २.६, २० असेल तर ७.८. एकच टेस्टोस्टेरॉन, तिप्पट फरक. म्हणून एसएचबीजी खर्चात बसत नाही असं कुणी म्हणालं तरी ते सोडू नका.

गाळणी_आजोबा

एलसी-एमएस अगदीच परवडत नसेल तर जुना मार्ग विसरू नका: आधी ईथरने एक्स्ट्रॅक्शन, मग आरआयए (किरणोत्सर्गी खूण वापरणारी चाचणी) किंवा एलायझा. डीएचईएएसला सल्फेट चिकटलेलं असल्याने ते पाण्याच्या थरात राहतं, टेस्टोस्टेरॉन ईथरमध्ये येतं. खाली ड्राय आइसमध्ये पाण्याचा थर गोठवला की वरचं ईथर नुसतं ओतून घेता येतं. ईथर उडवून उरलेलं किटच्या शून्य स्टँडर्डमध्ये विरघळवायचं. प्रत्येक खेपेला माहीत असलेलं टेस्टोस्टेरॉन घातलेलं एक सीरम सोबत काढा आणि किती टक्के परत मिळालं ते लिहा, नाहीतर सगळं व्यर्थ. ईथर फ्यूम हूडमध्येच, आसपास बर्नर नको. आरआयएला आयोडीन-१२५ लागतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे ६० दिवस, शिवाय किरणोत्सर्गाच्या परवानग्या. एका प्रबंधासाठी नव्याने तो खटाटोप करू नये. एलायझासमोर एक्स्ट्रॅक्शन लावणं मात्र सहज जमतं.

क्यूसी_खातं

टेस्टोस्टेरॉनवर वर बोलून झालंय. मी सॅम्पल आणि प्लेटवर लिहितो, कारण निम्मी वाट तिथेच लागते.

ट्यूब. एलसी-एमएसला जाणारं सीरम साध्या लाल टोपीच्या ट्यूबमध्ये घ्या, पिवळ्या जेल ट्यूबमध्ये नको. काही जेलमधून मास स्पेकमध्ये नको ती शिखरं येतात आणि सीरम जेलवर राहिलं तर स्टेरॉइडही त्यात शोषलं जाऊ शकतं. निदान दोन्ही गटांची ट्यूब एकच, एकाच कंपनीची. ओपीडीत रुग्णांना पिवळी आणि कॉलेजच्या मुलींना लाल, असं नकळत होतं.

गोठणं. उभ्या स्टँडमध्ये ३० मिनिटं. घाई केली तर सीरममध्ये नंतर फायब्रिनचे धागे सुटतात, मशीनच्या सुईत अडकतात आणि कमी सीरम खेचलं जाऊन आकडा खोटा येतो.

सेंट्रिफ्यूज. प्रबंधात '३००० आरपीएमला १० मिनिटं' लिहू नका. रोटरची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३००० आरपीएम म्हणजे सुमारे १५०० जी. १० सेंमी असेल तर जेमतेम १०००. सूत्र: १.११८ गुणिले १०चा उणे ५ वा घात, गुणिले सेंमीतली त्रिज्या, गुणिले आरपीएमचा वर्ग. जी लिहा.

हिमोलिसिस. टेस्टोस्टेरॉनला फारसं काही होत नाही, इन्सुलिनची मात्र माती होते. लाल पेशींतलं एन्झाइम फुटून बाहेर येतं आणि इन्सुलिन तोडतं, आकडा खोटा खाली. गुलाबी सीरम दिसलं की इन्सुलिनसाठी बाद, दुसरं रक्त. 'थोडंसंच लाल आहे' चालत नाही.

साठवण. उणे ८० च. उणे २० चा घरगुती धाटणीचा, बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीझर असेल तर अजिबात नको. तो रोज थोडा गरम होतो आणि कडेच्या व्हायल अर्धवट वितळतात. ०.५ मिलिच्या ३-४ क्रायोव्हायल करा, एका चाचणीला एक. वितळवून पुन्हा गोठवलेली व्हायल वेगळ्या डब्यात, खूण करून. बॉलपेनने लिहिलेलं लेबल उणे ८० ला टिकत नाही, क्रायो-लेबलच.

आणि आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती गोष्ट. वितळलेली व्हायल उजेडात धरून बघा. खाली पिवळं दाट, वर जवळजवळ पाणी. वितळताना थर पडतात. तुम्ही तसंच वरून पिपेट केलंत तर अर्ध्याहून कमी हार्मोन जाईल. पूर्ण वितळू द्या, ८-१० वेळा हळू उलटसुलट करा, फेस आणू नका, मग छोटा स्पिन मारून फायब्रिन खाली बसवा आणि मगच पिपेट. एलायझात 'विनाकारण कमी' आलेल्या सॅम्पलपैकी बरीच या थरांची असतात.

एलायझा काही चाचण्यांना लावणारच असाल तर प्लेटचं गणित. ९६ विहिरी म्हणजे ४८ जोड्या. ७ स्टँडर्ड, २ किटचे कंट्रोल (माहीत असलेल्या पातळीचे) आणि १ तुमचा स्वतःचा पूल सीरम (अनेकांचं एकत्र केलेलं) गेला की उरतात ३८. १६० भागिले ३८, म्हणजे चार प्लेटा भरून आठ सॅम्पल उरतात आणि पाचवी प्लेट फक्त त्या आठांसाठी. असं करू नका. पाचही प्लेटांवर ३२-३२ लावा, प्रत्येकीवर १६ रुग्ण आणि १६ कंट्रोल, जागा चिठ्ठ्या टाकून. उरलेल्या सहा जागांवर आधीच्या प्लेटमधली संशयास्पद सॅम्पल पुन्हा. रुग्ण सगळे पहिल्या दोन प्लेटांवर आणि कंट्रोल नंतर गोळा झाले म्हणून शेवटच्यांवर, असं केलंत तर प्लेटचा फरक आजाराचा फरक म्हणून छापून येईल. पाचही प्लेटांची किटं एकाच लॉटची, एकदम मागवा, एक्स्पायरी बघून.

वक्र चार-पॅरामीटरचा बसवा, सरळ रेषा नको. जोडीतला सीव्ही (आकड्यांमधली टक्क्यांतली तफावत) १० टक्क्यांवर गेला तर सॅम्पल पुन्हा. कडेच्या विहिरी लवकर गरम होतात, म्हणून प्लेट आणि अभिकर्मकं खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय सुरुवात नको आणि इन्क्युबेशनला झाकण हवं. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ३२ अंशांना लावलेली प्लेट आणि डिसेंबरातली प्लेट एकमेकींशी बोलत नाहीत.

सेंट्रल लॅबलाही विचारा की वेल्लोरच्या सीएमसीच्या ईक्यूएएसमध्ये (लॅबची गुणवत्ता बाहेरून तपासणाऱ्या उपक्रमात) या चाचण्या आहेत का आणि गेल्या वर्षभराचे निकाल काय. आकडा खरा की खोटा हे त्यावरून कळणार नाही, कारण तिथे बहुधा त्याच मशीनवाल्यांच्या सरासरीशी तुलना होते. पण मशीन डोलतंय का ते कळेल.

प्रश्नावली_आधी

पाळी आणि औषधांबद्दल.

कंट्रोलचं सॅम्पल पाळीच्या २ ते ५ व्या दिवशी, सकाळी ८ ते १०, उपाशीपोटी. रुग्णांत पाळी आली तर तेच दिवस. तीन-तीन महिने येतच नसेल तर गोळी देऊन पाळी आणवून मग सॅम्पल घेण्यापेक्षा कोणत्याही सकाळी घ्या आणि सोबत प्रोजेस्टेरॉन लावा. ते ३ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर ओव्ह्युलेशन झालेलं आहे, १७-ओएचपी चढलेलं दिसेल. ते सॅम्पल पुढच्या पाळीला पुन्हा. १७-ओएचपी सकाळचं २०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखाली असेल तर उशिरा दिसणारा सीएएच (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार) बहुतेक नाहीच. वर असेल तर २५० मायक्रोग्रॅम एसीटीएच (अ‍ॅड्रिनलला चालना देणारं हार्मोन) देऊन ६० मिनिटांनी पुन्हा. १००० च्या वर गेलं की निदान पक्कं.

संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर निदान तीन महिने बंद हव्यात, त्यांनी एसएचबीजी चांगलंच वाढतं.

आपल्याकडे यादीत हमखास राहून जाणारं औषध म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. नॉरएथिस्टेरॉन. बायका त्याला औषध म्हणतच नाहीत, 'गणपतीत घेतल्या होत्या चार-पाच' असं सहज सांगतात, तेही विचारलं तरच. नॉरएथिस्टेरॉन टेस्टोस्टेरॉनच्याच घराण्यातलं, काही इम्युनोअ‍ॅसेत ते टेस्टोस्टेरॉन म्हणून मोजलं जातं. शिवाय एसएचबीजी खाली ओढतं. तेव्हा "हार्मोनच्या गोळ्या घेता का?" असं न विचारता "गेल्या तीन महिन्यांत सण, लग्न, प्रवास यासाठी पाळी पुढे ढकलली होती का?" असं विचारा.

दुसरं, बायोटिन. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम. ज्या मशीनमध्ये बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची जोडी वापरतात तिथे रक्तातलं जादा बायोटिन ती जोडी अडवतं. सँडविच चाचणीत आकडा खोटा खाली, स्पर्धेच्या चाचणीत खोटा वर. आता हे तुमच्या अभ्यासात घालून बघा. टेस्टोस्टेरॉन स्पर्धेचं: वर. एसएचबीजी सँडविच: खाली. इंडेक्स म्हणजे वरचं भागिले खालचं, म्हणजे दुहेरी फुगवटा. आणि केस गळतात म्हणून बायोटिन घेणार कोण? पीसीओएसच्या मुली. अंतःस्रावी यांनी म्हटलेली असमान चूक इथे परत आली. किमान ४८ तास बायोटिन बंद, जास्त डोस असेल तर अधिक दिवस, आणि मशीनच्या माहितीपत्रकात बायोटिनची मर्यादा किती दिली आहे ते बघून ठेवा.

वस्तुमान_वर्णपट

मास स्पेक म्हटलं की आकडा ब्रह्मवाक्य, असं नाही. बाहेर पाठवण्याआधी त्या लॅबला हे विचाराच.

खालची मोजमर्यादा किती? ५ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याखाली हवी, आणि तिथला सीव्ही किती तेही. अंतर्गत मानक कोणतं, ड्युटेरियमवालं की कार्बन-१३ वालं? कॅलिब्रेशन कशाशी जोडलेलं आहे, अमेरिकेच्या सीडीसीच्या हार्मोन मानकीकरण उपक्रमात भाग घेतात का? टेस्टोस्टेरॉनचं २८९ वरून ९७ आणि १०९ अशी दोन संक्रमणं (रेणू फुटून मिळणारे तुकडे) बघतात. दोन्हींचं गुणोत्तर प्रत्येक सॅम्पलमध्ये तपासतात का? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण डीएचईए आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचं वस्तुमान अगदी तेच. त्यांना वेगळं करण्याचं काम क्रोमॅटोग्राफीचं. नमुने जास्त म्हणून रन दोन मिनिटांचा केला की शिखरं एकमेकांवर चढतात आणि वस्तुमान त्यांना ओळखू शकत नाही.

एक गोष्ट अंतःस्रावी यांच्याशी जुळत नाही: सगळी १६० एकदम पाठवणं चांगलं, पण एकाच डब्यात नको. ड्राय आइस वाटेत संपला तर वर्षभराचं काम पाण्यात. दोन खेपा करा, प्रत्येकीत रुग्ण आणि कंट्रोल निम्मे-निम्मे, पूल सीरमच्या ३ व्हायल प्रत्येक खेपेत नाव बदलून घाला. त्या तीनांचे आकडे किती जवळ येतात त्यावरून लॅबचा खरा सीव्ही तुमच्या हातात.

निवासी_जीवरसायन

खूप आभार. डीएचईएएसचा आलेख काढला, चढ आहे. टेस्टोस्टेरॉन बाहेर पाठवायचं गाइडनाही पटलं.

अजून दोन शंका. एका रुग्णाचं प्रोलॅक्टिन ६८ नॅनोग्रॅम प्रति मिली आलंय, स्तनातून स्राव नाही, डोकेदुखी नाही, औषधं नाहीत. वगळायचं का? आणि एलायझा-एलसी-एमएस तुलना छोटा उपविषय म्हणून घेतली तर सहसंबंध गुणांक पुरेल ना?

अंतःस्रावी

गुणांक पुरत नाही. एक पद्धत कायम दुप्पट दाखवत असेल तरी आर (म्हणजे तोच गुणांक) ०.९९ येईल. पासिंग-बॅब्लॉक आणि ब्लँड-आल्टमन (दोन पद्धतींची तुलना करायची सांख्यिकी तंत्रं) करा, आणि फरक टक्क्यांत काढा. पुरुषांची सॅम्पल मिसळून आलेख लांबवू नका. ३०० ते ९०० चे ठिपके आले की आर आपोआप सुंदर दिसतो आणि २० ते ८० मधला गोंधळ कोपऱ्यात दडतो. मोजमर्यादेखालच्या आकड्यांना शून्य लिहू नका, '५ पेक्षा कमी' असाच शेरा ठेवा. एक्सेलमध्ये एककाचा वेगळा स्तंभ ठेवा, कारण ०.४५ (प्रति मिली) आणि ४५ (प्रति डेसिलिटर) एकाच स्तंभात आले की सरासरीचं काय होतं ते सांगायला नको.

क्यूसी_खातं

प्रोलॅक्टिन ६८ ला वगळण्याआधी मॅक्रोप्रोलॅक्टिन बघा. प्रोलॅक्टिनचा साधा रेणू २३ किलोडाल्टनचा. काहींच्या रक्तात त्याला आयजीजी अँटिबॉडी चिकटून दीडशेच्या वरचा गोळा होतो; तो किटला दिसतो पण शरीरात फारसं काम करत नाही.

तो गोळा खाली बसवायला पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) ६०००, २५ ग्रॅम घेऊन पाण्यात १०० मिलि. २५० मायक्रोलिटर सीरम अधिक २५० पीईजी, व्होर्टेक्स, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं. मग मायक्रोफ्यूजमध्ये १०,००० जी ला १० मिनिटं. खाली पांढरा गोळा बसेल. त्याला न हलवता वरचा द्रव मशीनवर लावा आणि आकडा दुप्पट करा, कारण तुम्ही निम्मं पातळ केलंय. दुप्पट करायला विसरणं ही नेहमीची चूक. मग प्रत्येक रुग्णाला मॅक्रोप्रोलॅक्टिन निघतं. वर ९.५ आलं तर १९. १९ भागिले ६८ म्हणजे २८ टक्के. ४० च्या खाली असेल तर मॅक्रोप्रोलॅक्टिन, ६० च्या वर असेल तर खरं प्रोलॅक्टिन वाढलेलं, मधलं संदिग्ध. टक्क्यांवरच थांबू नका, उरलेला आकडा नॉर्मलमध्ये आहे का तेही बघा, कारण मॅक्रोप्रोलॅक्टिनसोबत खरं प्रोलॅक्टिनही वाढलेलं असू शकतं. आणि थोडं साधं प्रोलॅक्टिनही पीईजीसोबत खाली बसतं, म्हणून नेहमीची नॉर्मल मर्यादा इथे जरा ढिली पडते.

काही मशीनना पीईजीच सहन होत नाही. त्यासाठी सोबत तेच सीरम सलाइनमध्ये निम्मं पातळ करून लावा, आणि एका निरोगी स्त्रीचं सीरम पीईजीसह लावा. पीईजी दाट असतं, टिपच्या आत चिकटून राहतं. टिप एकदा भिजवून घ्या, हळू सोडा, बाहेरून पुसा. दोन वेगळ्या व्हायलमध्ये करून बघा. दोन्हींचे टक्के जुळले नाहीत तर आधी पिपेटकडे बघा, मग रुग्णाकडे.